पुसणारा माणूस

कोंबडीची शीट ताकात कालवून मोटरसायकलीच्या टाकीला फासायची असते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसणारच. वडगावच्या तम्मण्णालाही साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं नसतं तर काही अडलंही नसतं. पण जावई असा पदरात पडला की सगळं आपल्याच हातांनी कालवायची पाळी आली. त्या दिवसापासून तम्मण्णाला ताक चालत नाही. पानात नुसतं वाढलं तरी नाक मुरडून उठतो.

माणूस तसा सरळ. बेळगावच्या वडगावात विणकरांच्या गल्लीत बापजाद्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत खड्डामाग. जमिनीत खड्डा खणलेला, विणकरानं त्यात पाय सोडून बसायचं आणि समोरच्या मागावर साडी विणायची. तम्मण्णाच्या बापाची हयात त्या खड्ड्यात गेली, आणि तम्मण्णाचीही ऐन उमेदीची वर्षं तिथंच गेली. मग गल्लीभर यंत्रमाग खडखडायला लागले आणि हातमागाच्या साडीला कुत्रं विचारीना. त्या सुमाराला त्यानं हौसेनं एक बंद पडलेली येझदी मोटरसायकल घरात आणली. ठेवायला जागा नव्हती म्हणून खड्ड्याच्या काठावर उभी केली आणि स्वतः खड्ड्यात उतरला. बघतो तर काय, इंजिन बरोबर डोळ्यांसमोर! कंबर मोडायला नको, गुडघे टेकायला नकोत. "बापानं हे गाड्यांसाठीच खणलं व्हतं म्हणायचं," असं तो बायकोला, इंदुताईला म्हणाला. तिनं कपाळाला हात लावला. पुढं माग एका बाजूला सरकला आणि त्या खड्ड्याच्या काठावरनं किती येझद्या, जावा, राजदूत आणि बुलेटी नीट होऊन गेल्या, ते त्याचं त्यालाच आठवत नाही.

जुनी गाडी विकणं सोपं असतं. सापडणं अवघड. असते कुठं ती? परड्यात, वैरणीच्या मागं, पोत्यांच्या थप्पीखाली. घरच्या माणसाला विचारावं तर म्हणतो, "न्हाय बा, कवाच भंगारात घातली." अनोळखी माणसाला खरं कोण सांगतं? पण खंडेनवमीला कुणाला खोटं बोलता येत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात घरातलं झाडून सगळं लोखंड अंगणात येतं. विळा, कोयता, नांगराचा फाळ, शिवणाचं मशीन, आणि चालत नसली तरी गाडी. धुवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, पुढ्यात कोहळा फोडायचा. तम्मण्णा त्या दिवशी सकाळी स्वतःचा माग पुजायचा, पूजेची पानं खिशात घालायचा आणि खानापूरच्या रानातली गावं नाहीतर निपाणीकडची तंबाखूची गावं पालथी घालायचा. कुणाच्या अंगणात काय उभं आहे, ते नुसतं डोळ्यांत साठवून यायचा. त्या दिवशी सौदा मात्र काढायचा नाही. पुजलेलं लोखंड त्या दिवशी उंबऱ्याबाहेर जात नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

एकाच दारात त्याची जीभ घसरली. लोंढ्याच्या अलीकडं, रुळापलीकडच्या एका गावात भावकू आप्पाच्या अंगणात तांबड्या टाकीची जावा उभी होती. टाकीत बघून भांग पाडावा, अशी. त्या रानात पावसाळा म्हणजे चार महिने भिंतींना शेवाळ आणि पेटीतल्या कपड्यांना बुरशी. तिथं लोखंड दोन दिवस उघडं राहिलं की तांबूस होतं. आणि ह्या गाडीच्या चाकाच्या तारांवरसुद्धा गंजाचा ठिपका नाही! तम्मण्णा उकिडवा बसला, मडगार्डाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ आलं. सणबीण विसरून त्याच्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, इकणार काय?"

"बायकू इकत्यात व्हय रं?" भावकू आप्पा म्हणाला.

आतून त्याची बायको यशोदाबाई कडाडली, "मला ठेवा बाजूला! मला कवा इतकं पुसलंय का त्यांनी?"

तिघंही हसली. त्या दिवशी तम्मण्णा तिथं पुरणपोळी जेवला आणि मग दर खंडेनवमीला जेवायलाच जायला लागला. गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. जाताना यशोदाबाईसाठी बापानं विणून ठेवलेल्या साड्यांतली एक न्यायचा. ती साडी ती वर्षभर, दोन वर्षं नेसायची. धुऊन धुऊन सूत मऊ झालं की भावकू आप्पा तिचे तुकडे करून गाडीला पुसायला घ्यायचा. रोज संध्याकाळी धार काढून झाली, की दिवा लावायच्या आधी गाडी पुसायची. पाऊस असो, ताप असो, घरात पाहुणा असो. "तुझ्या बापाच्या सुताला तोड न्हाय तम्मा," म्हणायचा, "बाजारचं कापड नुसतं वरवर फिरतंय, हे धरून पुसतंय." तम्मण्णाला ह्या बोलण्याचा कोण अभिमान! गल्लीत चारचौघांत सांगायचा.

मग भावकू आप्पाचे डोळे गेले. काचबिंदू. बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, आहे ती नजर सांभाळा, गेलेली येणार नाही. आप्पानं त्याच पावसाळ्याच्या तोंडाला तम्मण्णाला बोलावून घेतलं.

"पुसतो रं मी," तो म्हणाला, "पर कुठं ऱ्हायलं, कुठं झालं, कळत न्हाय. पोरगं बेळगावात नोकरीला. त्येच्याकडं कार हाय, त्यो हिच्याकडं ढुंकून बघत न्हाय. माझ्या डोळ्यांदेखत, म्हंजे आता डोळं तरी कुठलं, पर मी जिता असताना हिला गंज चढाय नको. तू घिऊन जा. पैशाचं तुझं तू बघ, मला त्यातलं काय नको. मला फकस्त पुसणारा माणूस बघून दे."

"बघतो, आप्पा."

"असं न्हाय. हात दे."

तम्मण्णानं हात दिला. आप्पानं तो दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. निघताना यशोदाबाई गाडीवरनं हात फिरवून आत निघून गेली. नात रचना, कॉलेजात जाणारी, ती तेवढी रुळापर्यंत सोडायला आली.

इथवर सगळं माणसासारखं चाललं होतं. आता पुढचं ऐका आणि तोंड वाकडं करायची तयारी ठेवा.

पुसणारा माणूस तम्मण्णाला आठ-पंधरा दिवसांत सापडलासुद्धा. पिरनवाडीचा मष्णू, बसचा ड्रायव्हर. गाडी बघायला आला, चारी बाजूंनी फिरला, किक मारली, कान लावून ऐकलं. मग टाकीला हात लावून बघितला आणि जाताना खिशातला रुमाल काढून आपल्या बोटांचे ठसे आपणच पुसून घेतले. तम्मण्णाचा जीव भांड्यात पडला. आप्पानं सांगितलेला माणूस ह्याच्यापेक्षा निराळा कसा असणार? मष्णू म्हणाला, "दसऱ्याच्या आत पैशाची जुळणी करतो, अण्णा. कुणाला दिऊ नका." तम्मण्णानं मान डोलावली.

पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ना! व्याह्याचं हे घोडं म्हणजे जावई, युवराज. तम्मण्णाची पोरगी पूर्णिमा त्याला दिलेली. निपाणीत हायवेला लागून ह्या पठ्ठ्यानं जुन्या गाड्यांचं दुकान टाकलं होतं. दुकान कसलं, नाटकाचा पडदा. बाहेर बैलगाडीचं चाक, आत कंदील, भिंतीला फुटकं जातं टेकवलेलं. पुण्याहून बेंगळुरूला जाणारी पैसेवाली मंडळी तिथं चहाला थांबायची आणि "किती ऑथेंटिक!" म्हणून फोटो काढायची. युवराजला गाडीतलं घंटा कळत नव्हतं. स्पार्कप्लग कुठं असतो ते विचारलं असतं तर दहा मिनिटं शोधत बसला असता. पण गिऱ्हाईकाच्या डोक्यात काय चाललंय, ते त्याला बरोबर कळायचं. त्यानं जावा बघितली आणि वडगावातनं निपाणीला नेली. जावयाला नाही कसं म्हणायचं? "नुसती ठेवतो मामा, दुकानाला शोभा," एवढंच म्हणाला होता.

बेंगळुरूचे एक साहेब आले. संगणकाच्या कंपनीतले, पायांत पांढरेशुभ्र बूट. जावाकडं बघून त्यांनी नाक उडवलं. "नवीन रंग दिलेला दिसतोय. ह्याच्यात गोष्ट नाही," म्हणाले. तम्मण्णा योगायोगानं तिथं होता. तो सांगायला लागला, की साहेब, रंग मूळचाच आहे, रोज पुसलाय म्हणून असा दिसतोय. साहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं, की जणू तो खोटं बोलतोय. स्वच्छ ठेवलेल्या वस्तूवर ह्या लोकांचा विश्वासच बसत नाही. घाण असली तर खरी, नीट ठेवली तर बनावट! काय म्हणायचं ह्या अकलेला? थुंकायलासुद्धा लाज वाटावी.

साहेब गेल्यावर युवराजनं सासऱ्याला बाजूला घेतलं. "मामा, ही इकली म्हणून सांगू, आन हीच दुसरी म्हणून गोठ्यात सापडलेली दाखवू. घाण करू जरा. साहेब आपण मागू ती किंमत देतोय, आन पुढच्या चार गाड्यांचं गिऱ्हाईक झालं म्हणून समजा."

"घाण करू? आरं... अहो जावईबापू, ती आप्पाची गाडी हाय!"

"आता तुमची हाय."

"मी मष्णूला सबूद दिलाय. आप्पाला दिलाय."

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा माहेरी आली. डोळे सुजलेले. "बाबा, दुकानाला आत्ताच बरकत याय लागलीय, आन तुम्हीच आडवं पडतासा? त्यांच्या आईनं मला काय काय ऐकवलं, सांगू?" असं म्हणून पदर डोळ्यांना लावला. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं की तम्मण्णाची अक्कल पार वाहून जाते. अशी कितीतरी माणसं आहेत, पण त्या दिवशी पाळी तम्मण्णाची होती.

आणि त्याच्या मनानं एक पळवाटही काढून दिली. तो रात्रभर तळमळला नाही की काही नाही. सरळ हिशेब केला, की घाण वरची वर राहणार. घेणारा माणूस गाडी घरी नेऊन पहिलं काय करंल? धुईल! घाणेरडी गाडी घरात घेतल्यावर कोण न धुता ठेवतंय? खंडेनवमीला तर धुईलच धुईल. मग पुसंल. पुसायला लागला की सवय लागंल. जन्मभर लोखंड धुऊन पुजणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? घाण विकत घेऊन ती जपून ठेवणारी जात ह्या पृथ्वीवर आहे, हे बिचाऱ्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

म्हणून तम्मण्णानं शेण खाल्लं. स्वतःच्या हातांनी. युवराज नुसता लांब उभा राहून सांगत होता, नाकाला रुमाल लावून, कारण घाणीचा धंदा करणाऱ्याला घाणीचा वास सोसत नाही. गाडी परत वडगावात आणली होती. शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यातनं बादलीभर शीट आणली. इंदुताईच्या मडक्यातलं आंबट ताक ओतलं, म्हणजे रंगावर डाग नीट बसतात. ते कालवायचं. टाकीला फासायचं. तारांवर मिठाचं पाणी शिंपडून तीन दिवस ओलं पोतं टाकायचं, म्हणजे गंज फुटतो. माळ्यावरची जळमटं काठीला गुंडाळून आणून हँडलला चिकटवायची. मडगार्डाच्या आतल्या बाजूला हात गेला तेव्हा तम्मण्णा थबकला. हाच तो कोपरा, पहिल्या दिवशी त्यानं बोट फिरवलेला.

"तिथंबी लावा मामा," युवराज म्हणाला, "हे लोक आत बघत्यात."

तिथंही लावलं. इंदुताईनं दारातनं हे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "त्या मडक्यात मी आता परत विरजण लावणार न्हाय." मडकं उचललं आणि गल्लीच्या तोंडाला नेऊन फोडलं.

मग व्हिडिओ. निपाणीजवळच्या एका पडक्या गोठ्यात गाडी उभी केली, वर कडबा टाकला. युवराज म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचा गावरान आवाज पाहिजे, त्यालाच भाव आहे. तम्मण्णाला पाठमोरा उभा केला आणि त्यानं सांगितलेली वाक्यं तम्मण्णा बोलला. "ही गाडी हितं गोठ्यात सापडली. घरच्यांनी टाकून दिलती. कोंबड्या बसत व्हत्या हिच्यावर. इतक्या वर्सांत हिला कुणी फडकं लावलं न्हाय." शेवटचं वाक्य नीट आलं नाही म्हणून ते दोनदा घेतलं.

व्हिडिओ मोबाईलवर सगळीकडं गेला. त्याच्याखाली कुणीतरी लिहून विचारलं, की कुठल्या गावची? युवराजनं खुशाल खरं गाव लिहून टाकलं. म्हणे, खरं वाटायला पाहिजे! बाकी सगळं खोटं, आणि खरं काय, तर तेवढं एका आंधळ्या म्हाताऱ्याचं गाव. लाज म्हणून चीज नसते ती अशी.

साहेबांनी गाडी नेली. मष्णू दसऱ्याच्या आत पैसे घेऊन आला, तेव्हा तम्मण्णा मागच्या दारानं बाहेर पडला आणि इंदुताईलाच त्याला सांगावं लागलं. मष्णूनं भांडण काढलं नाही. "बऱ्या माणसाकडं गेली न्हवं, मग झालं," म्हणाला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

दहा-बारा दिवसांनी साहेबांचा फोन आला, व्हिडिओवाला. खुशीत होते. मागं चार मित्र, हातात पेले. "मामा, बघा तुमची गाडी!" दिवाणखान्यात काचेचं कपाट, वरून पिवळा दिवा, आणि आत जावा उभी. शीट तशीच, जळमटं तशीच, गंज तसाच. पण सगळं चकाकत होतं.

"हे चमकतंय कशानं?" तम्मण्णानं विचारलं.

"वरून लॅकर मारून घेतलं. पारदर्शक. जर्मनीचं आहे. आता ही धूळ शंभर वर्षं हलत नाही."

"म्हंजे धुयाची न्हाय?"

"धुवायची?" साहेब मित्रांकडं बघून हसले. "मामा, धुतली तर उरलं काय हिच्यात? आणि हे बघा, हे तर बघाच." त्यांनी मोबाईल टाकीजवळ नेला. "ह्या शेणावर बोटं उमटलीत. तीन बोटं. मूळ मालकाची असणार. मी पाहुण्यांना पहिल्यांदा हेच दाखवतो."

ती तम्मण्णाची बोटं होती. फासताना ओढलेली. लॅकरखाली कायमची.

मोबाईल चुलीपाशी टाकून तो मोरीकडं धावला. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं. इंदुताई पाठीवरनं हात फिरवत राहिली, आणि तो ओकाऱ्यांमधनं एकच म्हणत होता, "पुसायची वाटच ठेवली न्हाय गं. पुसायची वाटच ठेवली न्हाय." नंतर त्यानं साहेबांना फोन करून गाडी परत मागितली. घेतलेले सगळे पैसे देतो, वर माझ्याकडची बुलेट देतो, म्हणाला. साहेबांना वाटलं, म्हातारा भाव वाढवतोय. मग युवराजकडं गेला. तर हे जावईबापू म्हणतात, "मामा, किती भावनेत जातासा! व्हिडिओ लाखांवर गेलाय. पुढची गाडी कवा माखायची?" तम्मण्णानं जन्मात पहिल्यांदा जावयाला अरेतुरे केलं. काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. पूर्णिमा रडत आत गेली. ह्या वेळी तम्मण्णा तिच्या मागं गेला नाही.

खंडेनवमी आली. सकाळी त्यानं माग पुजला. खड्ड्याच्या काठावर एकही गाडी नव्हती. दुकानाचा माल घरात आणायचा नाही, असं त्यानं बजावलं होतं. इंदुताई म्हणाली, "जाणार हायसा का न्हाय?"

"कुठल्या तोंडानं?"

"हाय त्याच. दुसरं कुठनं आणणार?"

तो गेला. सांगून टाकायचं ठरवून गेला, पदरात काय पडंल ते पडू दे. पिशवीत यशोदाबाईसाठी साडी होती, शेजारच्या यंत्रमागावरची. लोंढ्याच्या रस्त्याला लागल्यावर गावागावांत गाड्या धुऊन, माळा घालून उभ्या होत्या. त्यानं एकाही अंगणात मान वळवली नाही.

भावकू आप्पाच्या अंगणात विळे, कोयते, फाळ ओळीनं मांडले होते, हळदकुंकू लावलेलं. जावाच्या जागी शेणानं सारवलेली मोकळी जमीन. रचना दारात होती. तिनं तम्मण्णाला बघितलं आणि तशीच आत गेली. आप्पा कट्ट्यावर बसला होता, पावलांच्या आवाजाकडं कान करून.

"आप्पा," तम्मण्णा म्हणाला.

"कोण?"

"मी. तम्मा."

आप्पानं मान जराशी हलवली. "या, पाव्हणं. बसा."

तम्मण्णा उभाच राहिला. इतक्या वर्षांत आप्पानं त्याला कधी पाव्हणं म्हटलं नव्हतं, कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"आप्पा, मला सांगायचं व्हतं..."

"ऐकलंय मी. रचनानं मोबाईलवर लावलं. मला दिसत तर काय न्हाय, आवाज तेवढा ऐकला. आवाज वळकला. दोनदा लावाय लावलं तिला, म्हटलं दुसरं कोण असंल. कुणी फडकं लावलं न्हाय, असं म्हणालासा. पोरीला बसमधी पोरं कोंबडीवाली म्हणत्यात. म्हणू देत. पोरांचं काय एवढं."

तम्मण्णानं मग काही राखलं नाही. शीट, ताक, मीठ, गोठा, पोरीचं रडणं, सगळं सांगितलं. "मला वाटलं, आप्पा, घेणारा धुईल. देवाशपथ, धुईल असंच वाटलं."

"मग? धुतली का त्यांनी?"

"न्हाय."

"पुसत्यात?"

"न्हाय, आप्पा. वरनं काचेगत कायतरी मारलंय. आता कुणालाच पुसता यायची न्हाय."

अंगणात कोहळा फुटून पडला होता, त्याच्यावर कोंबड्या आल्या. यशोदाबाई हाकलायला बाहेर आली आणि तम्मण्णाकडं न बघताच परत वळली.

"यशोदे," आप्पानं हाक मारली, "पाव्हण्यास्नी पान वाढ. सणादिवशी माणूस दारातनं उपाशी जाऊ नये."

मग त्यानं हात उचलून चाचपडत खांबाची खुंटी शोधली. खुंटीला फडकं होतं, धुऊन घडी घातलेलं. गाडी जाऊन महिने झाले, तरी कुणीतरी ते धुऊन तिथं ठेवत होतं. आप्पानं ते काढलं आणि पुढं धरलं, तम्मण्णा उभा होता तिथनं जरा बाजूलाच.

"घ्या," तो म्हणाला. "जेवायच्या आधी हात पुसा."

तम्मण्णाचे हात स्वच्छ होते, सकाळी पूजेला धुतलेले. त्यानं पुढं होऊन फडकं घेतलं. निळ्या काठाचं, त्याच्या बापानं विणलेलं, मऊ झालेलं. तो हात पुसायला लागला. यशोदाबाईनं पान मांडलं, पोळी वाढली, तांब्या ठेवला, बसा म्हणाली. तम्मण्णा हात पुसतच होता.